दोन बिस्किटं कमी

“दूध नको, लोणी नको, साय नको, मध नको...” दुकानदाराने एकेक बोट मुडपत विचारले, “मग काका, बिस्कीट तरी कशाला? पुठ्ठा देतो की. फुकट.”

दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइके हसली. भिंगकाकाही हसले. परक्या गावात कोणी आपल्याला हसण्यावारी नेले तर आपणही थोडे हसून दाखवावे, एवढा व्यवहार त्यांना कळत होता. हसून झाल्यावर त्यांनी शर्टाच्या खिशातून भिंग काढले, डाव्या डोळ्याशी धरले आणि हातातल्या पुड्याची मागची बाजू वाचायला घेतली. अक्षर मुंगीच्या पायाएवढे. गव्हाचे पीठ, साखर, खाद्यतेल, मीठ आणि अगदी शेवटी, जिथपर्यंत वाचायला कोणी थांबत नाही तिथे, दुधाची भुकटी.

“आहे,” ते म्हणाले आणि पुडा जागेवर ठेवला.

“एवढीशीच असेल हो.”

“हो. एवढीशीच आहे.”

हे या गावातले तिसरे दुकान. पुढची गाडी यायला अजून तीन तास होते.

भिंगकाका चौतीस वर्षे एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. शाळेची पुस्तके, बँकांचे अर्ज, औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवतात ते कागद, सगळे त्यांच्या नजरेखालून जायचे. वेलांटी इकडची तिकडे झालेली त्यांना लांबूनही टोचायची. अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यांनी ठेवलेले ‘भिंग’ हे नाव पुढे त्यांच्या खऱ्या नावाच्या मानगुटीवर असे बसले, की निरोप समारंभाच्या नारळावरही, म्हणजे त्या नारळाला चिकटवलेल्या चिठ्ठीवरही, तेच होते. चूक सापडली की ते सुखावत. माणसाची सापडली तर जास्तच. जीभ त्यांची तिखट होती, आणि तिला चार लोक हसले की त्यांना दिवस सार्थकी लागल्यासारखे वाटे.

आता ते सहा वर्षांनी लेकीकडे निघाले होते.

बायको गेले पाच महिने तिकडेच होती. नातीच्या जन्माआधी गेली ती राहिलीच. भिंगकाका इकडे एकटे, हाताने भात शिजवून, मधुमेहाच्या गोळ्या घेऊन दिवस ढकलत होते. आणि गेल्या आठवड्यात तिचा फोन आला.

“ती हो म्हणालीय. या तुम्ही. तीन ते चार, तासभर. पण एक ऐकाल का? खायचं काही आणू नका. खेळणं आणा, फुलं आणा. खायचं नको.”

“लेकीच्या दारात रिकाम्या हातानं जाऊ?”

पलीकडे बायकोने आधी कुठले तरी दार लावले. मग म्हणाली, “अहो, तिला तुमच्या हाताचीच भीती आहे.”

ते वाक्य भिंगकाकांनी दोन दिवस मनात उलटसुलट वाचले. तिसऱ्या दिवशी त्यांनी ठरवले, न्यायचे ते खायचेच न्यायचे. पण असे, की तिने सगळ्या बाजूंनी तपासावे आणि एकही चूक निघू नये. छापखान्यात असा बिनचूक फर्मा, सोळा पानांचा अख्खा ताव, वर्षातून एखादा निघतो, पण निघतो.

लेकीने दूध सोडले ते कॉलेजात असताना. एका गोठ्यावर अभ्यासाला म्हणून गेली होती, तिथे वासरांना आयांपासून वेगळे करताना बघून आली. आल्यावर तिने कोणाला उपदेश केला नाही, फक्त आपला कप बाजूला सरकवला. भिंगकाकांनी तिचे नाव ‘गाईची वकील’ ठेवले. पाहुण्यांसमोर ते तिला विचारत, “वकीलसाहेब, चपलेचं काय? चामडं आहे की प्लॅस्टिकच्या झाडाचं?” पाहुणे हसत. लेकही कधी कधी हसे. ती पाहुण्यांसाठी हसते हे त्यांना कधी दिसले नाही.

मग तिला विषमज्वर झाला. हाडांवर नुसते कातडे राहिले. अकरा दिवस तिच्या पोटात फक्त भाज्यांचे सूप जात होते आणि त्या सूपमध्ये भिंगकाकांच्या सांगण्यावरून आई लोणी आणि दुधाची भुकटी घालत होती. “औषध म्हणून घाल,” ते म्हणाले होते. “जीव वाचला की मग खुशाल तत्त्वं पाळू दे.” आई रडत रडत ढवळायची. लेक बरी झाली. कोणाला काही कळले नाही, आणि कळलेही नसते.

तिचे लग्न ठरले, सासरची माणसे जेवायला आली, तेव्हा कोणीतरी विचारले, दूधदुभते नाही तर अंगात ताकद कशी येते? भिंगकाकांना राहवले नाही. तीस माणसांसमोर त्यांनी अकरा दिवसांची हकिगत सांगितली, तीही नकलेसकट. लेक ताटावरून उठली, मोरीकडे गेली आणि सगळ्यांना ऐकू येईल अशी ओकली. तेवढ्यावर त्यांनी थांबायला हवे होते. पण माणसे अवघडून गप्प झाली होती आणि ती गप्पता त्यांना सोसेना. ते म्हणाले, “बघा! पोटात गेलं तेव्हा काही झालं नाही, कानात गेलं तेव्हा उलटी झाली!”

त्यावर खूप हशा पिकला. आजवरच्या सगळ्यांत जास्त.

भुकटी ढवळणारे हात आईचे होते आणि हसणे बाबांचे. लेकीने हात माफ केले. हसणे केले नाही. भिंगकाकांनी तिला माफीचे पत्र चारदा लिहिले आणि चारही वेळा टाकून दिले, कारण प्रत्येक पत्रात कुठे ना कुठे ‘पण’ होताच.

त्या गावात पुढे एक बेकरी लागली. बेकरीवाला छातीवर हात ठेवून म्हणाला, “आपल्या खारीत दुधाचा थेंब नाही, काका. पाण्यात मळतो.” भिंगकाकांनी अर्धा किलो बांधायला सांगितले. तेवढ्यात आतल्या भट्टीजवळ एक बाई ताटातल्या कच्च्या खारींवर कुंचल्याने काहीतरी फासताना दिसली.

“ते काय?”

“ते? चकाकीसाठी. वरून लावतो. आत नाही काही.”

“काय लावता?”

“दूध,” बेकरीवाला म्हणाला. “पण ते वरून!”

भिंगकाकांनी बांधलेला पुडा तिथेच ठेवला. मागून बेकरीवाला त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, “म्हातारा खुळावलाय.” सहा वर्षांपूर्वी लेकीबद्दल त्यांनी हेच सांगितले होते. फक्त म्हाताऱ्याच्या जागी कार्टी म्हणाले होते.

गाडीत बसल्यावर त्यांनी आणखी एक गोष्ट मनाशी ठरवली. तिच्या दारात पाऊल ठेवेपर्यंत आपल्याही पोटात दुधाचा थेंब जाऊ द्यायचा नाही. तिने विचारलेच तर तिच्या डोळ्यांत बघून सांगता आले पाहिजे. मग वाटेत ते कोरा चहा पीत राहिले, केळी खात राहिले, शेंगदाणे चघळत राहिले. फलाटावरच्या एका पावाच्या तुकड्यासाठीही भिंग काढावे लागे. विक्रेते वैतागत. एकाने तर पाव हातातून ओढून घेतला, “घ्यायचा तर घ्या, नाहीतर अभ्यास घरी करा.” हे सगळे ती तेरा-चौदा वर्षे रोज करत होती, हे त्यांना रुळांच्या खडखडाटात हळूहळू कळत गेले. ते कळणे सुखाचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी घेऊन, कोरा चहा पिऊन ते शहरात उतरले. अंघोळीपुरती खोली घेतली त्या लॉजवरच्या माणसाने एक पत्ता दिला होता, ‘तसलं’ सगळं मिळणारं दुकान म्हणून. काचेचे दार, आत गारवा, फळ्यांवर पुस्तकांसारखी उभी केलेली पाकिटे. दारावरच ठळक अक्षरांत लिहिले होते की इथे प्राण्यांपासून केलेले काहीही मिळणार नाही. भिंगकाकांनी तरी भिंग काढले आणि पहिल्या फळीपासून सुरुवात केली.

अर्ध्या तासाने दारावरचा पहारेकरी जवळ आला. “आजोबा, वाचनालय पुढच्या गल्लीत आहे.”

“घ्यायचंय मला.”

“मग घ्या की. सगळी पाकिटं हाताळून ठेवताय. पिशवी दाखवा बरं.”

त्याने पिशवीत हात घालून लेंगा, टॉवेल, गोळ्यांची पट्टी, सगळे बाहेर काढून बघितले. दोन बायका आपापल्या टोपल्या धरून बाजूला सरकल्या. भिंगकाका मान खाली घालून उभे राहिले. गल्ल्यावरची मुलगी उठून आली.

“काय शोधताय तुम्ही? इथलं सगळंच व्हीगन आहे. वाचायची गरजच नाही.”

भिंगकाकांनी एक पाकीट पुढे केले आणि तळाच्या ओळीवर नख ठेवले. “या कारखान्यात दुधाचे पदार्थही तयार होतात, असं लिहिलंय.”

“ते कायद्यासाठी लिहावं लागतं हो. त्याला काही अर्थ नसतो.”

“बारीक अक्षरात लिहिलेलं बिनअर्थाचं नसतं, ताई.”

मुलीने पाकीट घेऊन डोळ्यांजवळ नेले. बहुधा पहिल्यांदाच. “घरी कोणाला ॲलर्जी आहे का?”

“नाही. माझ्या लेकीचं...” ते अडखळले. खूळ, फॅड, वकिली हे सगळे शब्द त्यांच्या जिभेच्या सवयीचे होते. “तत्त्व आहे,” ते म्हणाले.

मुलगी आत गेली आणि एक चपटे पुठ्ठ्याचे खोके घेऊन आली. एक बाई घरी करते म्हणाली, ओट आणि खजुराची बिस्किटे. तिच्या स्वयंपाकघरात दूध येतच नाही. आत सोळा होती. झाकणावर गोल कागदी चिकटपट्टी होती. “ही फाटली की बिस्किटं मऊ पडतात,” मुलीने बजावले. “घरी जाऊनच उघडा.”

भिंगकाकांनी यादी वाचली. मग छापखान्यातल्या शिरस्त्याप्रमाणे शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे उलटी वाचली. उलटे वाचले की अर्थ नजरेला फसवत नाही. सहा शब्द. सहाही स्वच्छ.

बाहेर आले तेव्हा दीड वाजून गेला होता. तीनची वेळ होती. केळी घ्यायची राहिली. धावतपळत त्यांनी बस पकडली.

बस पुलाच्या तोंडाशी अडकली. पुढे काहीतरी उलटले होते म्हणे. वीस मिनिटे गेली, तीस गेली. भिंगकाकांच्या मानेवर आधी थंड घाम आला, मग बोटे थरथरू लागली, मग समोरच्या जाहिरातीतली अक्षरे एकावर एक चढायला लागली. गोळी पोटात होती आणि पोटात दुसरे काही नव्हते.

“काका, काय होतंय?” शेजारी बसलेल्या बाईने विचारले.

“साखर... उतरलीय.”

बाईने पर्स उघडून एक टॉफी त्यांच्या हातात कोंबली. भिंगकाकांनी खिशातले भिंग काढले.

“वाचताय काय? तोंडात टाका!”

“दूध आहे यात.”

“अहो दुधानं मरणार आहात का? त्याच्याशिवाय मराल!”

कंडक्टर वळून म्हणाला, “काका, पडलात तर अख्खी बस दवाखान्यात न्यावी लागेल. खा मुकाट्यानं.”

टॉफी तोंडात विरघळायला दोन मिनिटे लागली असती. कोणाला कळले नसते. पण कोणाला कळणार नाही, याच भरवशावर तर एकदा सगळे झाले होते. त्यांनी टॉफी बाईच्या हातात परत दिली, मांडीवरचे खोके उघडले आणि दोन बिस्किटे खाल्ली. बाई त्यांच्याकडे बघतच राहिली. “आणि हे कसं चालतं?” ती म्हणाली. थोड्या वेळाने अक्षरे जागेवर आली. भिंगकाकांनी फाटलेली पट्टी अंगठ्याने दाबून दाबून बसवली. कडेला एक सुरकुती राहिली, ती राहिलीच.

ते पोचले तेव्हा साडेतीन झाले होते. दार बायकोने उघडले. पाच महिन्यांनी दिसलेल्या नवऱ्याच्या चेहऱ्याकडे तिने बघितलेच नाही, आधी हाताकडे बघितले.

“अहो! सांगितलं होतं ना तुम्हाला.”

“चांगलं आहे ते. वाचून आणलंय.”

जावयाने खुर्ची पुढे केली, पाणी आणून दिले. माणूस सभ्य होता. त्या तीस माणसांत तोही होता आणि तो हसला नव्हता, हे भिंगकाकांना आत्ता आठवले. मग आतल्या खोलीतून लेक आली, दार मागे हलकेच ओढून घेतले आणि समोर बसली. ती अंगाने भरली होती. कपाळावर आडवी आठी होती, जशी त्यांच्या कपाळावर असे.

“प्रवास ठीक झाला?”

“झाला. तू बरी आहेस?”

“बरी आहे. हे काय?”

“बिस्किटं. तुझ्यासाठी. म्हणजे... तुला चालतील अशी.”

लेकीने खोके घेतले, उलटे केले आणि वाचू लागली. तिचे बोट यादीच्या शेवटच्या शब्दावरून मागे मागे सरकत गेले. ही सवय तिला सातवी-आठवीत लागलेली, छापखान्यातून घरी आणलेले कागद त्यांच्या मांडीला टेकून वाचताना.

“कुठे मिळाली?” तिने विचारले. आवाज थोडा सैल झाला होता.

“शहरात. तिथं एक दुकान आहे. त्याआधी वाटेत चार बघितली. सगळीकडे काही ना काही असतंच की गं. चकाकीसाठीसुद्धा दूध लावतात.”

“हो. लावतात.” ती किंचित हसली. “आणि तुम्ही सगळं वाचलंत?”

“दोनदा. एकदा उलटं.”

बायकोने सुटकेचा श्वास सोडला. जावई बशी आणायला उठला. आणि लेकीचे बोट खोक्याच्या कडेने फिरत फिरत त्या सुरकुतीवर थांबले.

“हे उघडलंय.”

“हो, ते बसमध्ये... माझी साखर एकदम उतरली. चक्कर आली. मी दोन खाल्ली. दोनच. मोज तू.”

लेकीने खोके मांडीवर ठेवले. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते.

“मला ताप होता तेव्हाही अशक्तपणाच होता ना, बाबा? तुमच्याकडे कारण असतंच. आणि ते खरंही असतं.”

“अगं, मी कशाला त्यात काही... आत काय घालणार मी? बिस्किटांत?”

“मला काय माहीत? सूपमध्ये घालाल असं तरी कुठे वाटलं होतं?”

मग लेकीने झाकण काढले, खोके त्यांच्यासमोर टेबलावर ठेवले आणि म्हणाली, “आमच्या घरात ही कोणी खाणार नाही. पण अन्न आहे, टाकायचं नाही. तुमची आहेत, तुम्ही खा.”

“नेतो परत.”

“नको. इथे खा. मला बघायचंय.”

“अगं, त्यांना साखर आहे,” आई म्हणाली.

“आई, तू मध्ये बोलू नकोस. त्या वेळीही बोलली नव्हतीस.”

आई भिंतीला टेकली आणि पदराची कड बघत राहिली. जावई बशी हातात घेऊन दारात उभा होता. “राहू दे ना आता,” तो हळू म्हणाला. लेकीने त्याच्याकडे बघितले नाही.

भिंगकाकांनी पहिले बिस्कीट उचलले. आपण हे खातो आहोत ते तिने सांगितले म्हणून, की आतल्या खोलीचे दार उघडावे म्हणून, हे त्यांचे त्यांनाही नीट सांगता आले नसते. खजूर गोड होता, दाट, दातांना चिकटणारा. तिसऱ्याला तोंड कोरडे पडले. पाचव्याला त्यांनी पाणी घेतले. लेक हाताची घडी घालून बघत होती. त्या अकरा दिवसांत ती चमच्या-चमच्याने सूप पीत असे आणि ते असेच उशाशी बसून बघत असत, वाटी रिकामी होईपर्यंत. आठव्यानंतर घास खाली उतरेना. त्यांनी तो पाण्याने उतरवला. मध्ये एकदा त्यांच्या तोंडाशी सवयीने काहीतरी गमतीदार वाक्य आले होते. त्यांनी तेही घासाबरोबर गिळले.

चौदावे संपले तेव्हा चारला पाच मिनिटे होती.

“संपली,” भिंगकाका म्हणाले.

लेकीने रिकाम्या खोक्यात डोकावून बघितले. तिच्या डोळ्यांत पाणी होते, पण ते त्यांच्यासाठी होते असे म्हणता येणार नाही. “घरी गेलात की साखर तपासून घ्या,” ती म्हणाली.

“एकदा बघू का नातीला? लांबून.”

“झोपलीय.”

“मी थांबतो. उठेपर्यंत.”

“नको, बाबा. हे सोडतील तुम्हाला स्टँडवर. साडेचारची बस आहे.”

भिंगकाकांनी मान हलवली. “मी चूक केली,” ते म्हणाले. एवढेच. पुढे ‘पण’ आला नाही. त्या वाक्याला सहा वर्षे उशीर झाला होता आणि ते तिला ऐकू गेले की नाही, हेही तिच्या चेहऱ्यावरून कळले नाही.

हात चिकट झाले होते. “हात धुतो,” ते म्हणाले. बायकोने बोट दाखवले.

न्हाणीघर अरुंद होते. बेसिनवर आडवी दोरी बांधलेली, आणि तिच्यावर चिमट्यांनी लावलेले पाच-सहा पायमोजे. ओले, पिवळे, अंगठ्याएवढे. भिंगकाकांनी हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले. मग ओला हात वर नेला आणि मोज्याला न लावता शेजारी अंगठा धरून बघितला. मोजा थोडा लहान होता.

एका मोज्याच्या टोकाशी थेंब जमला होता. तो पडेपर्यंत ते तिथेच उभे राहिले.

“बाबा,” बाहेरून लेकीचा आवाज आला, “नळ चालू राहिलाय.”

त्यांनी नळ बंद केला.